वळणोबा

गावाचं नाव सांगत नाही. नगर जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. कुणाला हे आपलंच गाव वाटलं तर त्यानं तसं खुशाल समजावं. बहुधा ते बरोबरच असेल.

त्या गावात अंबिका जोशी राहते. लहानपणी पोलिओ झाला आणि तिचे दोन्ही पाय गेले. आईवडील आता नाहीत. थोरला भाऊ नारायण, त्याची बायको अश्विनी आणि अंबिका असं तिघांचं घर. ओसरीवर ती पोरांच्या गणिताच्या शिकवण्या घेते, म्हणून गाव तिला बाई म्हणतं. नारायण भिक्षुकी करतो. वास्तुशांत, सत्यनारायण, दहावं-बारावं, जे येईल ते. गावच्या देवळाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या गुरवांकडे. त्यामुळे नारायणाला कार्य असलं की बोलावणं, नसलं की कुणी ओळख दाखवत नाही, अशी त्याची गत.

अंबिकेला जन्मात कुणी 'चला' म्हटलं नाही, 'या' म्हटलं नाही. लग्नाच्या मांडवात, एसटीच्या दारात, दवाखान्यात, मतदानाला, सगळीकडे एकच आरोळी. "ए, उचला रे बाईंना!" तिला विचारावं असं कुणाच्या मनातही येत नसे. पोत्याला कोण विचारतं? बगलेत घातलेले हात पुढे कुठं कुठं जात, ते तिला ठाऊक आणि त्या हातांना ठाऊक. वर उचलणाऱ्याच्या पदरी पुण्य पडे ते निराळंच. कॉलेजच्या वयातच तिनं ठरवून टाकलं की नारायणदादाशिवाय आपल्याला कुणी हात लावायचा नाही. दादाची गोष्ट वेगळी होती. त्यानं तिला पाठुंगळी घेऊन दहावीपर्यंत शाळेत पोचवलं होतं, आणि वाटेत कुणी खिदळलं तर तिला कट्ट्यावर ठेवून मारामाऱ्या केल्या होत्या.

बी.ए.च्या परीक्षेला ती नगरला, सावेडीत मावशीकडे राहिली. त्या सोसायटीला लिफ्ट होती आणि फाटकापर्यंत उतार होता. एका संध्याकाळी कुणाला न सांगता ती खुर्ची ढकलत खाली गेली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून पेन घेऊन आली. केलं ते एवढंच. पण परत येताना लिफ्टमध्ये ती एकटीच रडली. आपलं अडतं ते पायांमुळे कमी आणि पायऱ्यांमुळे जास्त, हे तिला त्या दिवशी कळलं आणि मग गावात राहणं तिला जास्तच जड जाऊ लागलं.

अशी बाई ग्रामपंचायतीची सदस्य कशी झाली, तर गावाच्या लबाडीमुळे. वॉर्डातली जागा महिलेसाठी निघाली. दोन भावक्या हमरीतुमरीवर आल्या. तेव्हा सरपंच अजिनाथअण्णांनी तोडगा काढला. "जोशीबाईला करा बिनविरोध. गरीब हाय बिचारी. कुनाला नडायची न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणजे जिला वर चढताच येत नाही अशी बघूनच वर पाठवली. कारण ग्रामपंचायतीची इमारत. ओढ्याला कधीकाळी पूर आला होता, म्हणून तिचं जोतं पुरुषभर उंच बांधलेलं, आणि वर जायला नुसत्या उभ्या पायऱ्या.

पहिल्या सभेला चौघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचललं. तिला नको म्हणायची सवडच मिळाली नाही. नारायण त्या दिवशी परगावी होता. निम्म्या पायऱ्यांवर एकाचा पाय घसरला, खुर्ची कलली, पातळ गुडघ्यापर्यंत वर गेलं आणि खाली उभी असलेली पोरं फिदीफिदी हसली. संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर फोटो आला. 'ताईंना मदतीचा हात.' फोटोत चौघांचे हसरे चेहरे होते आणि अंबिकेचे पाय होते. तिचा चेहरा स्वागताच्या हारामागं गेला होता. अश्विनीनं फोन काढून घेतला तोवर तिनं तो फोटो बघायचा तेवढा बघितला होता.

दुसऱ्या सभेला ती पायऱ्यांखाली खुर्ची लावून बसली. "सभा खाली घ्या, नाहीतर मला वर येता येईल असं काही करा. उचलून घेणार नाही मी."

अण्णा वरूनच म्हणाले, "ताई, तुमी कशाला तरास करून घेता? आमी हाय ना उचलायला! घरच्यावानी हाय आपलं."

"तुम्हाला कुणी उचलून आणतं का, अण्णा?"

अण्णा हसले. त्यांना वाटलं बाई चेष्टा करतेय.

मग शिपाई रामहरी हजेरीचं रजिस्टर घेऊन खाली आला. सही करायची आणि घरी जायचं, इतकी सोपी गोष्ट. तिनं सही केली नाही. ज्या सभेत मी नव्हते तिथं होते म्हणून कशी लिहू, म्हणाली. रामहरीला हे कोडंच पडलं. त्याच्या माहितीत निम्मे सदस्य सभेला न येताच सह्या करत होते. दोन महिने असे गेल्यावर ग्रामसेवक, ज्यांना गाव भाऊसाहेब म्हणतं, ते घरी आले आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "ताई, सलग सहा महिने सभेला गैरहजर राहिलात तर पद जातं. नियम आहे. रजेचा अर्ज देऊन ठेवा."

"रजा आजारी माणसानं मागावी, भाऊसाहेब. मी आजारी नाही. मी खाली आहे."

ही जागा तिला हवी होती. गावानं ती चेष्टेनं दिली असली तरी तिनं ती खरी धरली होती. आयुष्यात पहिल्यांदा एका खोलीत तिच्या नावाची खुर्ची होती, आणि तिथं बसून तिला शाळेच्या संडासाविषयी, दवाखान्याच्या उंबऱ्याविषयी, पाण्याच्या टाकीविषयी बोलायचं होतं. तिनं कायदा वाचून काढला. सार्वजनिक इमारत जुनी असली तरी ती अपंगांना वापरता आली पाहिजे, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. त्यासाठी पाच वर्षांची मुदत होती, ती केव्हाच सरलेली. शिवाय ग्रामपंचायतीनं पाच टक्के निधी याच कामी खर्चायचा असतो. गावात त्या निधीतून दिवाळीला अपंगांना स्टीलचे डबे वाटत. दरम्यान सरकारनं अपंगाचं दिव्यांग केलं होतं. पायऱ्या तेवढ्या होत्या तशाच राहिल्या होत्या.

तिनं तालुक्याला लिहिलं, जिल्ह्याला लिहिलं, परत लिहिलं. वरून खरमरीत पत्र आलं तेव्हा गावानं तिची मागणी उचलून धरली. उचलणं गावाला जमतंच.

रॅम्पचं काम नूरुद्दीनचाचांकडे आलं. हे मूळचे बेलापूरकडचे, पण गावात गवंडीकाम करण्यात म्हातारे झालेले. अण्णांनी सांगितलं होतं की पायऱ्यांच्या बाजूला एक घसरगुंडी काढून टाका. चाचांनी अंबिकेला विचारलं. तिनं रस्त्यावर खुर्ची पुढं-मागं करून दाखवली, हाताला कितपत चढ झेपतो ते. तेवढा हलका चढ काढायचा तर उतार फार लांब होणार, म्हणून चाचांनी तो मध्ये वळवला. वळणावर खुर्ची फिरवायला एक ऐसपैस सपाट जागा सोडली, तिला लागून कमरेएवढी भिंत घातली आणि कठड्याला पाइप लावला. "तुमची खुर्ची बैलगाडीसारखी फिरंल बघा, ताई," ते म्हणाले, आणि ती मनापासून हसली.

सहावा महिना सरायच्या आत ती वर गेली. कुणाचाही हात न लागता. वळणावर थांबून तिनं एकदा खाली पाहिलं. नारायण खाली उभा होता, आणि सवयीनं दोन्ही हात पुढं धरून होता. त्याचे ते रिकामे हात बघून तिला हसू आलं आणि भरूनही आलं. सभेत तिनं पाण्याच्या टाकीचा विषय काढला, अण्णांना घाम फोडला, आणि 'गरीब बिचारी' कोण म्हणालं होतं त्याची गावात चौकशी सुरू झाली.

रॅम्प गावालाही आवडला. का आवडणार नाही? त्यावरून मोटारसायकली थेट दारात नेता येत. वळणावरच्या सपाट जागेत दुपारची सावली पडे, तिथं रिकामटेकडे बसू लागले. बसले की तंबाखू मळणं आलं, मावा आला, गुटखा आला, आणि मग थुंकणं. कोपऱ्याची भिंत आठवड्याभरात लाल झाली. वळणावरून ओघळ खालच्या उतारावर येत. अंबिकेची चाकं त्यातून जात आणि चाकाला लागलेलं तिच्या तळहाताला लागे. सभेत ती पदराखाली हात पुसत बसे. घरी आल्यावर अश्विनी साबण पुढं करी.

तिनं तक्रार केली. रामहरीनं 'येथे थुंकू नये' अशी पाटी लावली. लोक पाटीवर थुंकले.

आणि मग तिनं ती चूक केली. या मातीतली होती म्हणूनच तिला ती सुचली. जिन्याच्या कोपऱ्यात लोक थुंकतात म्हणून नगरच्या निम्म्या इमारतींत कोपऱ्याकोपऱ्याला देवांच्या टाइल्स बसवलेल्या असतात. तिनं नारायणाकरवी तशा टाइल्स मागवल्या. गणपती, दत्त, साईबाबा, एक मदिनेची, एक क्रूसाची, कुणालाच सवलत नको म्हणून. चाचांनी त्या वळणाच्या भिंतीत बसवल्या. दुसऱ्या दिवशी थुंकणं बंद. मोटारसायकलीही बंद, कारण देवासमोरून गाडी कशी न्यायची! अंबिका घरी येऊन खूष होऊन म्हणाली, "दादा, हे गाव माणसाला भीत नाही, कायद्याला भीत नाही. फरशीला भितं." त्या दिवशी ती बेहद्द खूष होती, आणि तेच आता तिला सगळ्यात जास्त खुपतं.

पहिली उदबत्ती रामहरीनं लावली, एका गुरुवारी, सहज. मग कुणी हार घातला. मग अण्णांच्या पुतण्यानं पोलीस भरतीला जाताना तिथं डोकं टेकवलं आणि तो भरती झाला. दुसरी चार पोरं डोकं टेकवून गेली ती नापास होऊन आली, त्यांचा कुणी हिशेब धरला नाही. ओढ्यातून एक गुळगुळीत दगड आणून कुणीतरी टाइल्सच्या खाली ठेवला आणि त्याला शेंदूर फासला. पोरं चेष्टेनं त्याला वळणोबा म्हणू लागली. म्हाताऱ्यांनी ते मनावर घेतलं. दोन महिन्यांत वळणोबा नवसाला पावायला लागला.

मदिनेची आणि क्रूसाची टाइल मात्र कुणी काढली नाही. उलट अण्णा त्या मुद्दाम दाखवत. "बघा, सगळ्या धर्माचा हाय. याला कोन अतिक्रमन म्हनंल?"

एका संध्याकाळी नूरुद्दीनचाचा ओसरीवर येऊन बसले. मग म्हणाले, "ताई, वळणावर ओटा बांधायला सांगितलाय मला. देवाला. कठडा बी घालायचाय."

"चाचा, मग खुर्ची फिरणार कशी?"

"न्हाई फिरणार."

"मग नाही म्हणा ना."

"मी न्हाई म्हणू?" चाचा तिच्याकडं बघत राहिले. "देवाच्या ओट्याला? मी? ताई, मला याच गावात ऱ्हायचंय."

तिला त्यांचा राग आला आणि राग करायला जागा नव्हती. त्यांनीच तिच्या हाताच्या ताकदीवर मोजून काढलेला रस्ता त्यांनीच बुजवला. ओटा इतका चांगला बांधला की पुढं कधी तडा जायचा नाही. त्या माणसाला वाईट काम करताच येत नव्हतं.

आणि पूजेला बोलावलं नारायणाला.

गुरवानं हात झटकले होते. हा देव आमच्या वहीत नाही, म्हणाला. मग अण्णा स्वतः जोशांच्या ओसरीवर आले, चपला बाहेर काढून, आणि "गुरुजी" म्हणाले. नारायणाला त्या गावात आजवर कुणी गुरुजी म्हटलं नव्हतं. भटजी म्हणत, ते कसं म्हणत ते त्याला कळे. पन्नाशीला आलेला तो माणूस त्या एका शब्दानं उजळून गेला. अंबिका आतून बघत होती.

अण्णा गेल्यावर ती म्हणाली, "दादा, तू पूजा केलीस की तो कायमचा देव होईल. आज नुसता दगड आहे, उचलता येईल. मला तिथून जायचंय."

नारायण खाली बघत म्हणाला, "अंबे, देवाला मी नाही कसं म्हणू? आपल्या घराण्यात कुणी म्हटलंय का? आणि तुझं काय अडतंय? मी आहे ना. पायऱ्यांवरून मी नेत जाईन तुला. लहानपणी नेत नव्हतो?"

"लहानपणी मला दुसरा रस्ता नव्हता."

अश्विनी मध्ये पडली. "वन्सं, त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा काही चांगलं घडतंय हो."

अंबिकेच्याही आयुष्यात पहिल्यांदाच काही चांगलं घडलं होतं, पण हे बोलून दाखवलं असतं तर ते मत्सरासारखं दिसलं असतं. घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या सभेला ती गेली तर उताराच्या तोंडाशी चपलांचा ढीग. बायका ताटं घेऊन रांगेत. तिची खुर्ची बघून एक म्हातारी कळवळून म्हणाली, "बाई, ही चाकं शेनामातीतून आल्याली. देवाम्होरं नगा आनू, पाया पडते."

"आजी, हा रस्ता माझ्यासाठी बांधलाय. चाकं धुऊन घेते, वळणावर खुर्ची फिरते का ते बघू तरी द्या."

"तुमच्यासाठीच बांधला, पर आता देव आलाय न्हवं."

आणि दोन-तीन बाप्ये पुढं झाले. बाह्या सरसावून. हसत. "ताई, आमी हाय की उचलायला!"

ती माघारी फिरली. नारायणाच्या पाठीवरून वर जाणंही तिनं नाकारलं. एकदा तसं गेलं की रॅम्प गेलाच, हे तिला कळत होतं. तिनं पुन्हा तालुक्याला लिहिलं. महिने उलटत गेले. दर सभेला ती पायऱ्यांखाली येऊन बसे; रामहरी खिडकीतून तिच्याकडं ओशाळवाणं बघे आणि नजर आत घेई.

शेवटी चौकशीला तालुक्याहून साहेब आले. फीत घेऊन आले होते. जोतं मोजलं, उतार मोजला, कठड्याचा पाइप हलवून पाहिला. वळणापाशी पोचले तसे थबकले. मग बूट काढले, हात जोडले, डोळे मिटले. अंबिका खालून बघत होती. साहेबांनी डोळे उघडून कपाळाला शेंदूर लावून घेतला तेव्हाच तिला निकाल कळला.

"मॅडम," साहेब तिच्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "रॅम्प तर नियमाप्रमाणे आहे. उत्तम आहे. बाकी भावनेचा विषय आहे. सामंजस्यानं घ्या."

"तो ओटा रस्त्यात आहे, साहेब. खुर्ची जात नाही. तुम्ही फीत लावा ना तिथं."

"देवाला फीत लावू?" साहेब खरोखर दुखावले. अहवालात 'रॅम्प उपलब्ध' असं गेलं, आणि ते खोटंही नव्हतं.

सहाव्या महिन्यातली सभा गुरुवारी ठेवली होती. वळणोबाच्या अभिषेकाला लोक जमतातच, तर सभेलाही सोयीचं, असा अण्णांचा विचार. या सभेला गैरहजेरी लागली की संपलं.

आदल्या दिवसापासून अंबिकेला सुचेनासं झालं होतं. सकाळी नेसून, वेणी घालून ती खुर्ची ढकलत निघाली. अंगणात चिखल होता, अश्विनीनं फाटकापर्यंत हात दिला. ग्रामपंचायतीसमोर गर्दी होती. सदस्य वळणोबाचं दर्शन घेऊन पायऱ्यांनी वर जात होते. उतारावर बायका दाटीनं बसलेल्या, वळणावर नारायण. सोवळ्याचा कद नेसलेला, ओला, पाठ ताठ, खणखणीत आवाजात रुद्र म्हणत होता. इतका सुरेख आवाज आपल्या भावाला आहे हे गावाला आत्ता कळत होतं. तिला ते पाहून अभिमान वाटला. खरंच वाटला, आणि त्याचाच तिला संताप आला.

आतून रामहरीनं खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला. भाऊसाहेब खाकरले.

तिनं पायऱ्यांकडं पाहिलं. हातांवर सरकत जाता आलं असतं. पण खाली पोरं मोबाइल घेऊन उभीच होती, आणि तो पहिला फोटो तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. मग तिनं ते केलं जे कधी करायचं नाही म्हणून तिनं इतकं सगळं केलं होतं. बायकांना बाजूला करत खुर्ची उताराच्या तोंडाशी नेली आणि हाक मारली.

"दादा!"

नारायणानं मंत्र न तोडता मान वळवली.

"दादा, उचल मला. हजेरी सुरू होतेय. एवढ्या वेळेला ने वर."

तिनं दोन्ही हात त्याच्याकडं वर केले, लहानपणी करायची तसे. नारायण उठला. उताराच्या कडेकडेनं खाली आला. तिचे हात त्याच्यापर्यंत पोचायला एक वीत उरली असेल, आणि तो झटक्यानं मागं सरला.

"शिवू नकोस, अंबे. सोवळ्यात आहे. अभिषेक चाललाय. थांब थोडी, एवढं झालं की नेतो."

जुन्या देवाचं सोवळं एक वेळ सैल असतं, नव्याचं फार कडक. शिवाय सगळं गाव बघत होतं. तो परत ओट्याशी जाऊन बसला. मागं बाह्या सरसावलेले दोघे-तिघे होतेच; ते काही म्हणायच्या आत तिनं खुर्ची वळवली आणि पायऱ्यांखाली, खिडकीच्या समोर नेऊन उभी केली.

आत नावं पुकारली जात होती. एकेक जण हजर म्हणत होता. मग भाऊसाहेबांचा आवाज आला, "सौ... नाही, श्रीमती अंबिका जोशी."

"हजर!" ती खालून ओरडली.

रामहरीचं डोकं खिडकीत आलं आणि गेलं. ती पुन्हा ओरडणार तोच वळणावर घंटा सुरू झाली, जोरजोरात, एकसारखी. "हजर! मी हजर आहे, भाऊसाहेब! इथं आहे मी!" तिचा आवाज तिलाही धड ऐकू येईना. घंटा थांबली तेव्हा आत पुढचं नाव चाललं होतं.

पद गेलं. पत्र यथावकाश येईल तेव्हा येईल. गावाला त्याच दुपारी कळलं. अण्णा हळहळले. बाई हुशार होती, पण ताठा नडला, म्हणाले.

नारायण संध्याकाळी घरी आला तो नारळ, फळं, नवं उपरणं घेऊन. अंबिका ओसरीवर होती. तिच्या समोर बसून त्यानं प्रसादाचं खोबरं तिच्या हातावर ठेवलं. "थांब म्हटलं होतं की नाही तुला? अर्ध्या तासाचा प्रश्न होता."

तिनं खोबरं हातातच ठेवलं. "दादा, मी हजर म्हणाले ते तुला ऐकू आलं होतं?"

नारायण उपरण्याची घडी करत राहिला. अश्विनी दारात येऊन उभी राहिली.

"आलं," तो म्हणाला.

"मग घंटा का वाजवलीस?"

"घंटेची वेळ झाली होती, अंबे. पूजा मध्येच थांबवता येत नाही."

रोज रात्री जेवण झालं की नारायण तिला खुर्चीतून उचलून अंथरुणावर ठेवत असे, सकाळी अंथरुणावरून खुर्चीत. त्या दिवशी तो नेहमीप्रमाणं आला, तिनं हात मागं घेतले आणि खुर्चीतून स्वतःला खाली सोडलं. कोपर आपटलं. तेव्हापासून घरात ती जमिनीवरून हातांवर सरकत फिरते, आणि नारायण वाटेतून बाजूला होतो.